उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती : संधी मे महिन्यात, अर्ज दिवाळीतच

विज्ञान व अभियांत्रिकीच्या पदवी विद्यार्थ्यांना उन्हाळी सुट्टीत देशातील अग्रगण्य प्रयोगशाळांमध्ये विद्यावेतनासह काम करण्याची संधी देणाऱ्या अनेक योजना गेली कित्येक वर्षे सुरू आहेत. दोन महिने एका शास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली एखाद्या छोट्या प्रश्नावर काम करायचे, शेवटी अहवाल सादर करायचा आणि त्याबद्दल विद्यावेतन मिळवायचे, असे त्यांचे सर्वसाधारण स्वरूप असते. छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) व परिसरातील महाविद्यालयांमधील गुणी विद्यार्थ्यांची ही संधी हुकते ती अनेकदा गुण कमी पडल्यामुळे नव्हे, तर मे महिन्यातील कामासाठी आदल्या ऑक्टोबरमध्येच तयारी करावी लागते हे वेळेवर न कळल्यामुळे. सत्र परीक्षा आणि दिवाळी यांच्या गडबडीत पहिली मुदत निघून जाते आणि एप्रिलमध्ये चौकशी सुरू होते तेव्हा बहुतेक जागा भरलेल्या असतात.

कल्पना जुनीच

पदवीच्या विद्यार्थ्याने केवळ पाठ्यपुस्तक न वाचता प्रत्यक्ष संशोधनात हात घालावा, या विचाराला अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने १९६९ मध्ये संस्थात्मक रूप दिले. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचा उन्हाळी संशोधन कार्यक्रम १९७९ मध्ये सुरू झाला. भारतात १९९९ मध्ये सुरू झालेली किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना याच वाटेवरची होती. ही योजना २०२२ मध्ये ‘इन्स्पायर’मध्ये विलीन करण्यात आली. जुन्या मार्गदर्शन पुस्तिकांमध्ये तिच्या प्रवेश परीक्षेची माहिती अजूनही आढळते. विद्यार्थ्यांनी त्यावर विसंबून राहू नये.

प्रमुख योजना

तीन विज्ञान अकादम्यांची उन्हाळी शिष्यवृत्ती : बंगळुरू येथील भारतीय विज्ञान अकादमी, दिल्ली येथील भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि प्रयागराज येथील राष्ट्रीय विज्ञान अकादमी या तीन संस्था मिळून ही योजना राबवितात. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, जीवशास्त्र, भूविज्ञान यांबरोबरच अभियांत्रिकी व संगणकशास्त्राचे विद्यार्थीही अर्ज करू शकतात. अर्ज साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मागविले जातात. महाविद्यालयीन शिक्षकांनाही यात स्वतंत्रपणे अर्ज करता येतो. ज्या महाविद्यालयातील एक प्राध्यापक असा उन्हाळा घालवून येतो, तेथील विद्यार्थ्यांना पुढे वाट दाखविणारा माणूस घरातच मिळतो.

जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्र, बंगळुरू : १९८९ मध्ये स्थापन झालेल्या या केंद्राची दोन महिन्यांची उन्हाळी शिष्यवृत्ती आहे. बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यांसाठी रसायनशास्त्र व जीवशास्त्रातील प्रकल्पाधारित अभ्यासक्रमही हे केंद्र चालवीत आले आहे.

मुंबई व पुणे : कुलाबा येथील टाटा मूलभूत संशोधन संस्था उन्हाळी विद्यार्थी कार्यक्रम घेते. मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा ‘नियस’ हा उपक्रम २००४ पासून सुरू असून तो पदवीच्या आरंभीच्या वर्षांतील विद्यार्थ्यांसाठी आहे. आधी शिबिर आणि त्यातून निवड झालेल्यांना प्रकल्प, अशी त्याची रचना आहे. पुण्यात ‘आयुका’ आणि राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र या संस्था खगोलशास्त्राकडे ओढा असलेल्या विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात बोलावितात. विषय व इयत्तेनुसार पात्रता बदलत असल्याने त्या-त्या वर्षीची सूचना वाचणे आवश्यक आहे.

आयआयटी : गांधीनगर, कानपूर, रुरकी, मद्रास आदी आयआयटींचे उन्हाळी संशोधन कार्यक्रम बाहेरच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनाही खुले असतात. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातील विद्यार्थ्यांसाठी हा मार्ग सोयीचा आहे. यांच्या सूचना बहुधा जानेवारी ते मार्च या काळात निघतात. त्यामुळे ऑक्टोबरची मुदत हुकलेल्यांसाठी ही दुसरी संधी ठरते.

‘इन्स्पायर’धारकांनो, इकडे लक्ष द्या

केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००८ मध्ये सुरू केलेल्या ‘इन्स्पायर’ उच्च शिक्षण शिष्यवृत्तीची रक्कम वर्षाला ८० हजार रुपये आहे. त्यापैकी ६० हजार रुपये शिक्षणासाठी व २० हजार रुपये उन्हाळी संशोधनासाठी, अशी विभागणी आहे. बारावीच्या परीक्षेत आपल्या मंडळात सर्वोच्च एक टक्क्यात आलेल्या आणि मूलभूत विज्ञान शाखेत प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांसाठी ही योजना आहे. अभियांत्रिकी व वैद्यकीयसाठी ती नाही. यातील उन्हाळी प्रकल्पासाठी मार्गदर्शक विद्यार्थ्याने स्वतःच शोधायचा असतो. तो बंगळुरूचाच असावा असे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे विज्ञान विभाग आणि तेथील पॉल हेबर्ट डीएनए बारकोडिंग व जैवविविधता अभ्यास केंद्र शहरातच आहे. घरी राहून, सिटी बसने जाऊन-येऊनही दर्जेदार प्रकल्प होऊ शकतो. परगावी मुलीला दोन महिने ठेवण्यास कचरणाऱ्या पालकांनी या पर्यायाचा जरूर विचार करावा.

अर्जातील निवेदन

बहुतेक अर्जांत गुणपत्रिका, निवेदन आणि शिक्षकाचे शिफारसपत्र या तीन गोष्टी मागितल्या जातात. गुणांमुळे अर्ज चाळणीतून पुढे सरकतो; त्यानंतर सारखेच गुण असलेल्या अर्जांत फरक पडतो तो निवेदनाने. ‘मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे’ हे वाक्य निवड समितीने असंख्य वेळा वाचलेले असते. त्याऐवजी विद्यार्थ्याने काय केले, काय पाहिले आणि त्यातून कोणता प्रश्न पडला हे लिहावे.

मराठवाड्यातील विद्यार्थ्याकडे असे प्रश्न भरपूर आहेत. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झाले आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण क्षारप्रिय सूक्ष्मजीवांत असल्याचे दाखविले. सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला याहून जवळचे उदाहरण कोणते? गावातील विहिरीची पाणीपातळी वर्षभर दर महिन्याला मोजून ठेवणारा, वाळूजच्या कारखान्यातील यंत्राचा बिघाड पाहून कंपनांचा अभ्यास करावासा वाटणारा किंवा जायकवाडीच्या पक्ष्यांच्या नोंदी ठेवणारा विद्यार्थी समितीला लक्षात राहतो. राज्यातील विद्यापीठांच्या ‘आविष्कार’ संशोधन स्पर्धेत भाग घेतला असल्यास त्याचाही उल्लेख करावा. न केलेले काम मात्र कदापि लिहू नये. ज्याच्याकडे जायचे तो त्याच विषयाचा जाणकार असतो. निवेदन इंग्रजीत लिहायचे असले तरी विचार आधी मराठीत मांडून घ्यावा. सोपी, छोटी वाक्ये पुरेशी असतात.

शिफारसपत्र

‘विद्यार्थी कष्टाळू, आज्ञाधारक व सद्वर्तनी आहे’ एवढ्या मजकुराचे पत्र चारित्र्याच्या दाखल्यासाठी ठीक. येथे ते उपयोगाचे नाही. विद्यार्थ्याने प्रयोगशाळेत कोणता प्रयोग स्वतः केला, कुठे अडला, कोणती शंका विचारली, हे ज्या शिक्षकाला सांगता येते त्यांचेच पत्र घ्यावे, मग ते विभागप्रमुख नसले तरी चालेल. सरांना किंवा मॅडमना किमान पंधरा दिवस आधी भेटावे. सोबत गुणपत्रिका, निवेदनाचा मसुदा आणि अंतिम तारीख लिहिलेला कागद द्यावा. काही ठिकाणी पत्र शिक्षकांकडून थेट संस्थेकडे जावे लागते. अशा वेळी मुदतीपूर्वी नम्रपणे आठवण करून देण्यात काहीही गैर नाही.

थेट प्राध्यापकांना पत्र

योजनेबाहेरही अनेक संशोधक आपल्या प्रकल्पाच्या निधीतून विद्यार्थी घेतात. त्यासाठी ई-मेल लिहावा लागतो. एकच मजकूर शंभर जणांना पाठविल्यास तो कोणीही वाचत नाही. त्याऐवजी आठ-दहा संशोधक निवडून, प्रत्येकाचा किमान एक शोधनिबंध वाचून, दोन परिच्छेदांचे पत्र लिहावे. दहा-बारा दिवसांत उत्तर न आल्यास एकदा स्मरणपत्र पाठवावे, अधिक नाही. विद्यावेतन मिळेल काय आणि वसतिगृहात जागा आहे काय, हे होकार आल्यानंतर स्पष्ट विचारावे.

परदेशातील संधी

कॅनडाचा ‘मायटॅक्स ग्लोबलिंक’ हा बारा आठवड्यांचा कार्यक्रम आणि जर्मनीची ‘डाड’ संस्थेची ‘वाइज’ शिष्यवृत्ती भारतीय विद्यार्थ्यांना परिचित आहेत. यांची मुदत आणखी आधी, म्हणजे सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या सुमारास असते. आपले महाविद्यालय व वर्ष पात्र आहे काय, हे आधी तपासावे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाच्या पदवीस्तरीय संशोधन योजनेच्या जाहिराती सर्वत्र दिसतात. मात्र त्या निधीसाठी अमेरिकेचे नागरिक वा कायम रहिवासी असणे आवश्यक आहे. तेथे अर्ज करण्यात वेळ दवडू नये. पासपोर्ट तिसऱ्या वर्षाच्या आरंभीच काढून ठेवावा.

निवडीनंतर

निवड झाली तरी दोन अडचणी उरतात. पहिली परीक्षेची. विद्यापीठाची उन्हाळी परीक्षा लांबल्यास रुजू होण्याची तारीख चुकते. परीक्षेच्या तारखा हाती येताच मार्गदर्शकांना कळवून सवलत मागावी आणि प्राचार्यांचे ना हरकत प्रमाणपत्र वेळेत घ्यावे. दुसरी अडचण पैशांची. काही ठिकाणी विद्यावेतन काम पूर्ण होऊन अहवाल दिल्यावरच हाती पडते. प्रवास, अनामत रक्कम आणि पहिल्या महिन्याची खाणावळ यांची सोय आधी करावी लागते. शेतकरी वा कामगार कुटुंबातील विद्यार्थ्यासाठी निर्णय येथेच फिरतो. त्याच्या हाती परत करण्याच्या बोलीवर काही हजार रुपये देण्याची व्यवस्था माजी विद्यार्थी संघाने किंवा महाविद्यालयाने केली, तर मिळालेली संधी सोडून द्यावी लागणार नाही.

फसवणुकीपासून सावध

विद्यावेतन देणारी संस्था विद्यार्थ्याकडून मोठी रक्कम मागत नाही. नाममात्र अर्ज शुल्काखेरीज ‘नोंदणी’, ‘प्रशिक्षण’ वा ‘प्रमाणपत्र’ यांच्या नावाखाली हजारो रुपये मागितले जात असतील, तर ते संशोधन नव्हे, प्रमाणपत्राची विक्री आहे. माहिती नेहमी संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर चार वर्षांच्या पदवीत संशोधनाचा मार्ग खुला झाला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ मधील आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा अधिक गुण मिळविणाऱ्यांना चौथ्या वर्षी संशोधन प्रकल्प घेता येतो. त्यापूर्वी एक उन्हाळा प्रयोगशाळेत काढलेला विद्यार्थी हे वर्ष आपल्याला झेपेल काय, आवडेल काय, हे जाणून निर्णय घेऊ शकेल. संशोधन आपल्यासाठी नाही, असे त्या दोन महिन्यांत उमगले तरी ते पाच वर्षांच्या पीएच.डी.नंतर उमगण्यापेक्षा बरे. त्यासाठी करावयाचे पहिले काम मात्र सोपे आहे : यंदाच्या सप्टेंबरअखेर आपल्या एका शिक्षकांना भेटणे.