न उचललेले पैसे

अमेरिकेच्या सरकारी खात्यात एक रक्कम पडून आहे. तिचे धनी गरीब आहेत, पण ती उचलत नाहीत.

१८६८च्या फोर्ट लॅरामी तहाने ब्लॅक हिल्स हे पवित्र डोंगर सू लोकांकडे राहिले. १८७४मध्ये तिथे सोने सापडले. जमीन सोडायला तीन चतुर्थांश प्रौढ पुरुषांच्या सह्या हव्या होत्या. जेमतेम दहा टक्के मिळाल्या. तरी १८७७मध्ये कायदा करून डोंगर घेतलेच.

१९८०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई मान्य केली : मूळ १ कोटी ७१ लाख डॉलर, व्याजासह साडेदहा कोटींच्या आसपास. आज ती एक अब्जावर गेली आहे.

पैसे घेतले की डोंगर विकल्यासारखे होईल, असे ते मानतात. विकायचेच नाही, त्याचा भाव कोण ठरवणार?