व्याघ्रगडाचें रान

हिंवाळा लागला म्हणजे शनिवारीं रात्रीं विलेपार्ल्याच्या स्टेशनाबाहेर पाठीस पिशव्या लावलेल्या मंडळींचा एखादा घोळका हटकून दिसतो. त्यांत कॉलेजांतील मुलें-मुली असतात, कचेऱ्यांतून नोकऱ्या करणारे असतात, नुकतेच सेवानिवृत्त झालेले एखाददुसरे गृहस्थहि असतात. संयोजक नांवांची यादी वाचतो, गाडी येते, आणि मंडळी सह्याद्रीतील एखाद्या गडाकडे निघून जाते. गड पाहण्याचा हा छंद उपनगरांतील सुशिक्षित कुटुंबांत चांगलाच रुजला आहे. अलीकडे त्यांत एक भर पडली आहे. सहलीच्या पत्रकांत गडाच्या जोडीला अरण्यहि असतें; पडके तट आणि देवळें पाहावयाचीं, व त्याच वाटेवर वन्य पशुपक्ष्यांचें दर्शन घ्यावयाचें. अशा जोडसहलींत मोठा मान साताऱ्याच्या पश्चिमेस असलेल्या वासोट्याचा, म्हणजे शिवकालांतील व्याघ्रगडाचा.

हें पत्रक वाचतांना इतिहास आणि रान अशा दोन निराळ्या वस्तू एकाच वर्गणींत मिळत असल्यासारखें वाटतें. वर माणसांची कथा, खालीं निसर्गाची. परंतु वासोट्याचा इतिहास जरा बारकाईनें पाहिला तर ही वांटणी टिकत नाहीं. तेथील रान हें गडाचेंच एक अंग होतें. आणि आज आपण ज्याला निर्मनुष्य अरण्य म्हणतों तें निर्मनुष्य कसें झालें, हाहि इतिहासाचाच भाग आहे. तो भाग मात्र पत्रकांत नसतो, आणि गडांवरील पुस्तकांतहि क्वचितच आढळतो.

साताऱ्याहून कासचें पठार ओलांडून बामणोलीस उतरलें म्हणजे समोर शिवसागराचें पाणी पसरलेलें दिसतें. लाँचमधून तासाभराहून अधिक प्रवास केल्यावर मेट इंदवलीचा कांठ लागतो. तेथें वनखात्याच्या चौकीवर नांवें नोंदवून, वाटाड्या बरोबर घेऊन वर निघावयाचें आणि दिवस मावळण्यापूर्वीं परत यावयाचें. अरण्यांत मुक्कामाची परवानगी नाहीं, आणि पावसाळ्यांत तर वाट बंदच असते. ओढा ओलांडला कीं ऊन नाहींसें होतें. अंजनी, जांभूळ, हिरडा, आंबा अशा वृक्षांचें छत डोक्यावर येतें. बुंध्यांवरून जाड वेली चढलेल्या असतात, आणि खालीं कारवीची दाटी असते. गडाचें नांव व्याघ्रगड असलें तरी वाघ दिसेल अशी आशा कोणी करूं नये. दैव अनुकूल असेल तर शेकरूं एका झाडावरून दुसऱ्यावर झेप घेतांना दिसतें, भेकराचें भुंकणें ऐकूं येतें, किंवा धनेशाच्या पंखांचा घोष डोक्यावरून निघून जातो. बहुतेक वेळां दिसतात त्या केवळ खुणा: गव्याचें शेण, अस्वलानें उकरलेलें वारूळ, सालीवरील ओरखडे. नवख्यास जेथें पाचोळ्यावांचून कांहीं दिसत नाहीं तेथें वाटाड्या एका जनावराची रात्रीची वाटचाल उलगडून दाखवितो.

माथ्यावरील अवशेषहि अशाच खुणा आहेत. पडके दरवाजे, छप्पर उडालेलें मारुतीचें देऊळ, पाण्याचीं टाकीं, महादेवाचें मंदिर, चुन्याचा घाणा, गवतांत बुडालेले चौथरे. एवढेंच आतां उरलें आहे. एका बाजूस बाबूकड्याचा अर्धवर्तुळाकार कातळ आणि त्यापलीकडे जुना वासोटा. पश्चिमेस एकदम कोंकणांत कोसळणारी दरी. उभें राहून खालीं पाहिलें म्हणजे हा गड कशासाठीं बांधला असेल असा प्रश्न पडतो. येथून राज्य चालविणें शक्य नव्हतें, मोठी फौज ठेवणें सोईचें नव्हतें. परंतु एखादी वस्तु किंवा एखादा मनुष्य जगाच्या दृष्टीआड करावयाचा असेल, तर याहून चांगली जागा मिळणें कठीण.

वासोट्याच्या इतिहासांतील बहुतेक प्रसंग याच गुणाशीं निगडित आहेत. गडाचा उगम शिलाहार राजा दुसरा भोज याच्याकडे नेण्याची परंपरा आहे. १६५६ सालीं शिवाजीमहाराजांनीं जावळी घेतली. आंत दडलेला वासोटा मात्र त्यानंतर, १६६० सालीं त्यांच्या हातीं आला. पुढें गडाचा उपयोग विशेषेंकरून कैदखाना म्हणून झाला. पेशवाईच्या उत्तरकाळीं, १८०६–०७ च्या सुमारास, परशुराम श्रीनिवास पंत प्रतिनिधि पेशव्यांविरुद्ध उठले, तेव्हां त्यांच्या बाजूनें लढणाऱ्या ताई तेलिणीनें हा गड बापू गोखल्यांसारख्या सेनापतीच्या वेढ्याविरुद्ध सुमारें आठ महिने लढविला. शेवटीं धान्याच्या कोठारास आग लागली म्हणून गड द्यावा लागला. ताईचें नांव आजहि त्या भागांत लोकांच्या तोंडीं आहे. राजदरबारीं जिला स्थान नव्हतें अशा एका स्त्रीची ही झुंज लोकांनीं विसरली नाहीं.

दुसरा प्रसंग मराठी राज्याच्या अखेरचा. १८१७ सालीं इंग्रजांशीं युद्ध जुंपल्यावर पेशव्यांच्या माणसांनीं हंटर आणि मॉरिसन हे मद्रासकडील दोन तरुण इंग्रज अधिकारी वाटेंत पकडले. त्यांना प्रथम कांगोरीच्या किल्ल्यावर व मागाहून वासोट्यावर ठेवण्यांत आलें. साताऱ्याच्या छत्रपतींच्या घराण्यांतील मंडळींनाहि त्या धामधुमींत या गडाचा वास घडला. फेब्रुवारी १८१८ मध्यें साताऱ्याचा किल्ला पडला, त्याच महिन्यांत अष्टीच्या लढाईंत बापू गोखले पडले. तरीहि वासोटा उभा होता. जनरल प्रिट्झलरच्या फौजेनें जंगलांतून वाट काढीत समोरच्या उंचीवर तोफा चढविल्या, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यांत गड शरण आला. तोफांचा मारा सुरू झाल्यावर गड फार वेळ टिकला नाहीं. इंग्रजांस खरे श्रम पडले ते तोफा तेथवर नेण्याचे.

तेव्हां वासोट्याचा खरा तट दगडी नव्हे, तो रानाचा होता. ही केवळ काव्यात्म कल्पना आहे असें कोणी समजूं नये. रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवानें प्रसिद्ध असलेलें आज्ञापत्र अठराव्या शतकाच्या पहिल्या चरणांतलें आहे. त्यांत दुर्गांच्या प्रकरणीं गडाभोंवतालची झाडी प्रयत्नानें वाढवावी, ती गडाची राखण समजावी, आणि त्यांतील काठीहि तोडूं देऊं नये अशा आशयाचा स्पष्ट हुकूम आहे. म्हणजे जी झाडी आज आपणांस गडावर चालून आलेली वाटते, ती एके काळीं राज्यकर्त्यांनीं जाणूनबुजून जोपासलेली होती. बुरुजाची डागडुजी आणि झाडांची जोपासना हीं एकाच राजनीतीचीं अंगें होतीं.

याचा अर्थ सगळें रान राजाज्ञेनें उभें राहिलें असा मात्र नाहीं. सह्याद्रीच्या या पट्ट्यांत माणूस फार जुन्या काळापासून राहात आला आहे. डोंगरउतारावर रान तोडून, जाळून नाचणी-वरीचें पीक घ्यावयाचें आणि मग ती जमीन वर्षानुवर्षें पडीक टाकावयाची, ही कुमरीची शेती येथें चाले. उत्तरेस महाबळेश्वरच्या बाजूला धावड लोक लोखंड गाळीत, आणि त्यांच्या भट्ट्यांना कोळसा लागे. उलट गांवोगांवच्या देवराया देवाच्या भीतीनें अस्पर्श राहात. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनीं १९७० नंतरच्या दशकांत या देवरायांचा जो अभ्यास केला, त्यानें शास्त्रज्ञांचें लक्ष त्यांच्याकडे वेधलें. तोडणें, राखणें, सोडून देणें आणि भिणें या चारहि क्रियांतून हें रान घडलें आहे. १८७८ च्या वनविषयक कायद्यानंतर सरकारानें रानें राखीव केलीं, कुमरीवर निर्बंध आले, आणि रानाशीं माणसाचा जुना व्यवहार हळूहळू आटला.

मेट इंदवली या नांवांतच ह्या व्यवहाराची एक साक्ष आहे. मेट म्हणजे गडाच्या घेऱ्यांतील पहाऱ्याची वस्ती. तेथील माणसें गडाच्या वाटा राखीत आणि नवख्या माणसाची चाहूल वर पोंचवीत. गड चढतांना रानांत एके ठिकाणीं दगडी बांधांच्या पायऱ्या दिसल्या, तेव्हां आमच्यापैकीं एकानें वाटाड्याला विचारलें, “मामा, हाहि गडाचाच तट का?” तो हंसून म्हणाला, “तट कुठला? नाचणीचं बांध हायती. ताली म्हनत्यात आमच्याकडं.” आम्ही ज्यांना अवशेष समजत होतों ते शेताचे बांध होते, आणि नीट विचार केला तर तेहि अवशेषच होते.

हीं शेतें सुटलीं त्याचें मोठें कारण डोळ्यांसमोरच आहे. कोयनेच्या धरणाचें काम १९५६ सालीं सुरू झालें व १९६४ च्या सुमारास पुरें झालें. सुमारें शंभर अब्ज घनफूट पाणी सांठविणारा हा जलाशय मैलोगणती खोऱ्यांत पसरला. तें पाणी डोंगराच्या पोटांतून पश्चिमेस पोफळीकडे उतरवून वीज होऊं लागली, आणि त्या विजेवर महाराष्ट्राच्या कारखान्यांचें चाक फिरूं लागलें. ती उभारणी देशाला हवी होती याबद्दल वाद नाहीं. परंतु नदीकांठचीं गांवें आणि भाताचीं खाचरें पाण्याखालीं गेलीं, माणसें ठाणें, रायगड, सोलापूर, सांगली अशा जिल्ह्यांत विखुरलीं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपानें उरलेल्यांच्याहि मनांत धास्ती बसविली. १९८५ सालीं कोयना अभयारण्य झालें, २०१० सालीं कोयना व चांदोली मिळून सह्याद्रि व्याघ्रप्रकल्प झाला, २०१२ सालीं पश्चिम घाटाची गणना जागतिक वारशांत झाली. २०२५ च्या अखेरीस तर ताडोब्याच्या रानांतील वाघीण या प्रकल्पांत आणून सोडण्यांत आली. म्हणजे गडाचें नांव पुन्हां सार्थ होण्याचा संभव उत्पन्न झाला आहे. या प्रत्येक पावलाबरोबर रान अधिक निवांत झालें, आणि रानाच्या आंतील वस्ती अधिक विरळ होत गेली.

आज मुंबईच्या प्रवासकंपन्या पार्ल्याच्या मंडळींना थेट पेरू देशांतील माचू पिचूपर्यंत घेऊन जातात. तेथेंहि पर्वतावरचे अवशेष आणि पलीकडचें वर्षारण्य अशीच जोड असते. त्या स्थळाची हकीकत वासोट्याच्या संदर्भांत ध्यानांत घेण्यासारखी आहे. १९११ सालीं हायरम बिंगहॅम हा अमेरिकन अध्यापक तेथें पोंचला आणि हरवलेलें नगर त्यानें शोधून काढलें असा जगभर बोलबाला झाला. परंतु त्याला डोंगरावर घेऊन जाणारा मेल्चोर आर्तेआगा हा त्याच खोऱ्यांतला शेतकरी होता. वर इंकांनीं बांधलेल्या पायऱ्यांवर कांहीं कुटुंबें पीक घेत होतीं. आणि प्रत्यक्ष अवशेषांपर्यंतची वाट एका लहान मुलानें दाखविली. म्हणजे तें नगर हरवलें होतें तें बाहेरच्या जगाला; तेथल्या माणसांना तें ठाऊक होतें.

वासोट्याची स्थिति याच्या उलट होण्याचें भय आहे. येथें गड बाहेरच्यांना ठाऊक आहे, त्याचीं छायाचित्रें घरोघर आहेत. पण ज्यांना तो आंतून ठाऊक होता तीं माणसें दूर गेलीं. कोणत्या टाक्याचें पाणी उन्हाळ्यांत टिकतें, कोंकणांत उतरणारी कोणती वाट मोडली, कोणत्या देवाचें ठाणें मूळचें कोठें होतें, हें ज्ञान कागदावर नाहीं. तें वृद्धांच्या स्मरणांत होतें, आणि धरणाच्या वेळीं जे तरुण होते त्यांतील फार थोडे आतां हयात आहेत.

गडांविषयीं आस्था असणाऱ्यांत दोन पक्ष दिसतात. एक म्हणतो, झाडें तोडा आणि तट मोकळे करा; दुसरा म्हणतो, दगड पडूं द्या, रान वाढूं द्या. देवळाच्या भिंतींत शिरलेलें मूळ काढावें लागेल हें खरें, आणि त्यासाठीं सगळा उतार उघडा करणें अनिष्ट हेंहि खरें. आज्ञापत्राच्या कर्त्याला हा वाद चमत्कारिक वाटला असता, कारण त्याच्या दृष्टीनें झाडी आणि तट मिळूनच गड होत असे. परंतु या दोन्ही पक्षांच्या बोलण्यांत तिसऱ्या अंगाचा, म्हणजे मेटावरच्या माणसांचा, उल्लेख नसतो. तटाचा दगड ढळला तर पुन्हां बसवितां येईल, रान तर आपण होऊन वाढत आहे. आठवण मात्र एकदां गेली कीं ती परत उभारतां येत नाहीं. आपल्या मंडळांनीं वर्षांतील एखादी सहल कमी करून, सोलापूर-रायगडकडे गेलेल्या कोयनेच्या कुटुंबांतील वृद्धांकडे बसून त्यांचे शब्द, स्थळांचीं नांवें, वाटा आणि देव लिहून घेतले, तर इतिहासाची मोठी सेवा होईल. गड पाहण्याइतकेंच हेंहि गडाचेंच काम आहे.

परततांना लाँच जलाशयाच्या मध्यावर आली तेव्हां वाटाड्यानें पाण्याकडे बोट दाखविलें. “हितं खाली आमच्या आज्याचं घर,” तो म्हणाला. “म्हातारा सांगायचा, पानी चढाया लागलं तवा आधी देव हलवला, मग मानसं निघाली.” आमच्यापैकीं कोणी विचारलें, देव कोठें नेला? त्यानें एका दूरच्या तालुक्याचें नांव सांगितलें, आणि तेथें आपण दोनदां जाऊन आल्याचेंहि सांगितलें. लाँच बामणोलीच्या धक्क्यास लागेपर्यंत मग कोणी फारसें बोललें नाहीं.