खाणावळवालीची उधारी

गिरणगावातल्या खाणावळवाल्या बाईच्या वहीत फार काही नसायचं. नाव, महिना, खाडे, बाकी. बाकी थकली की दोष कुणाचा? गिऱ्हाईक उडाणटप्पू, नाहीतर बाई भोळी. शेजारपाजारचा निवाडा एवढ्यावर संपायचा.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी 1959 मध्ये नेमक्या अशा निवाड्यांना हरकत घेतली. माणसाची खासगी अडचण आणि समाजाचा प्रश्न यांचा सांधा इतिहासात शोधावा, असं त्यांचं म्हणणं. ही वही तशी वाचून पाहावी.

ताडदेवला कावसजी दावर यांची गिरणी 1856 मध्ये सुरू झाली. पुढे परळ-लालबागेत भोंगे वाढले आणि रत्नागिरी-साताऱ्याची माणसं मुंबईला येत राहिली. बहुतेक एकटीच. कोकणात खोताचा वाटा देऊन घरात फारसं उरायचं नाही आणि गिरणीच्या पगारात मुंबईत बिऱ्हाड परवडायचं नाही. बायकामुलं गावी, दरमहा मनिऑर्डर. विसाव्या शतकाच्या आरंभी शहरात हजार पुरुषांमागे बायका जेमतेम पाचशेच्या वर होत्या. चाळीतल्या एकाच खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या या गड्यांना भाकरी कोण थापून देणार?

खाणावळवाली! कुणी विधवा, कुणाचा नवरा आजारी किंवा बेकार. 1920 च्या दशकात गिरणीतही साधारण पाच कामगारांमागे एक बाई होती, बहुतेक वाइंडिंग-रीलिंग खात्यांत. मग यंत्रं बदलली, बायकांची कामं घटली. पहाटे चूल पेटवून पहिल्या पाळीचे डबे भरणं हे अनेकींसाठी उरलेलं काम होतं. (त्याला ‘घरकाम’ म्हणून कामगारांच्या हिशेबात न धरणं सगळ्यांच्याच सोयीचं होतं.) किराणा आज आणायचा, पैसे गड्यांच्या पगाराला. मधली फट सावकार भरून काढायचा, जबर व्याजाने.

म्हणून गिरणी कामगारांच्या 1973-74 च्या संपाचा फटका थेट चुलीपर्यंत पोचला. पगार थांबले, जेवणं थांबली नाहीत. बायकांनी दागिने मोडून गड्यांना पोसलं. गोवा मुक्तिलढ्यातून आलेल्या प्रेमा पुरव यांनी हे पाहिलं आणि 1975 मध्ये चौदा जणींना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. त्यातून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. बँकांचं राष्ट्रीयीकरण 1969 चं. त्याआधी या बायकांना बँकेच्या दारात उभं कुणी केलं असतं?

18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. या खेपेस गडी गावी परतले आणि बरेचसे पुन्हा आलेच नाहीत. अन्नपूर्णातल्या बायका नवं गिऱ्हाईक शोधत केटरिंगकडे वळल्या.