दुकानातल्या फायली एकाच जागी ठेवायच्या तर काय घ्यावं?

कृषी सेवा केंद्र किंवा कर सल्लागाराच्या ऑफिसात तीन-चार कॉम्प्युटर असतील, तर मोठा सर्व्हर लागत नाही. एका कॉम्प्युटरवरचं फोल्डर शेअर केलं तरी भागतं. विंडोज 11 मध्ये एकावेळी 20 जोडण्या चालतात. फक्त तो कॉम्प्युटर बंद केला की सगळ्यांचं काम अडतं.

रोजची वर्दळ असेल तर दोन डिस्कचा नॅस बॉक्स बरा. 4 टीबीच्या दोन डिस्क रेड 1 मध्ये लावल्या की जागा 4 टीबीच मिळते, पण एक डिस्क गेली तरी काम चालू राहतं. दुकानदार इथंच फसतात. हा बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाईल दोन्ही डिस्कवरून जाते, व्हायरसनं फायलींना कुलूप लावलं तर तेही दोन्हीकडं. म्हणून दर शनिवारी वेगळ्या हार्ड डिस्कवर कॉपी घ्यायची आणि ती डिस्क काढून घरी न्यायची. लाईट सारखी जात असेल तर यूपीएस आधी, नॅस नंतर.