वाढत्या शहराचा खर्च कोणी सोसावा?

म्युनिसिपालिटीने रस्ता काढला की त्याच्या दोन्ही अंगांच्या जमिनीचे मोल चढते. मालकाने मात्र कुदळीचा एक घावही घातलेला नसतो. हे वाढलेले मोल कोणाचे?

मुंबईत १८९६ साली प्लेग आला आणि १८९८ साली इंप्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टची रीत सरळ, पण महाग: जमीन सक्तीने घ्यावी, मालकास भरपाई द्यावी, मग रस्ते पाडावेत. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याने निराळी वाट धरली. शहरालगतच्या शेतांचे वाकडेतिकडे तुकडे नकाशावर एकत्र करावयाचे, रस्त्यांपुरती जागा काढून घ्यावयाची आणि उरलेल्या जमिनीचे नीट आखलेले भूखंड ज्याचे त्यास परत द्यावयाचे. जमीन मालकाकडेच राही. मात्र योजनेमुळे तिचे जे मोल वाढेल, त्याच्या निम्म्यापर्यंत रक्कम त्याने योजनेच्या खर्चासाठी द्यावी, असे ठरले. श्रोतेहो, हे तत्त्व मला आजही अत्यंत न्याय्य वाटते.

घोडे अडले ते मोजमापात. जी वाढ अद्याप व्हावयाची आहे, तिची किंमत आज कशी ठरवावी? चौकशी, हरकती, अपिले यांत वर्षे लोटत आणि तोवर ठरलेली रक्कम बाजारभावापुढे क्षुल्लक होऊन बसे.

पुढे महाराष्ट्राने आपल्या १९६६ च्या नगररचना कायद्यात १९९२ साली विकास शुल्काची भर घातली. ते बांधकामाच्या परवानगीशी जोडलेले असल्याने वसुली सुकर झाली. परंतु ज्याची जमीन नव्या रस्त्यामुळे महागली, पण जो तेथे काहीच बांधीत नाही वा तिचा वापर बदलीत नाही, तो या शुल्कातून सहीसलामत सुटतो.