पहिली कोण?

शाळेपायी सारे आयुष्य वेचणारी अविवाहित धर्मसेविका म्हटली की आपल्यापुढे कॅथलिक सिस्टर उभी राहते. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तिची तीन व्रते. या व्रतांना मठाचा आधार असतो. मागे संघ असतो, म्हातारपणी निवारा असतो. प्रॉटेस्टंट पंथांनी मठच मोडीत काढले. त्यामुळे त्यांच्या सुरुवातीच्या मिशनांत बाईला जागा होती ती बहुतेक मिशनऱ्याची पत्नी म्हणून. एकट्या बाईचे काय करायचे, हा त्यांच्यापुढचा पेच होता. महाराष्ट्रातील स्त्रीशूद्रांच्या शिक्षणाच्या इतिहासाशी जिचे नाते लागते, ती शिक्षिका नेमकी अशी, मठाविना संन्यासिनी होती.

तिचे नाव सिंथिया फरार. जन्म १७९५, अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर. मिशनऱ्यांच्या बायका घरसंसारात अडकलेल्या, म्हणून मुलींच्या शाळांवर देखरेख करायला अमेरिकन बोर्डाने तिला पाठवले. १८२७ च्या डिसेंबरअखेर ती मुंबईत उतरली. १८३७ मध्ये ती एकदाच मायदेशी गेली. १८३९ मध्ये परतली ती अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला. तेथेच शिकवत राहिली आणि १८६२ मध्ये तेथेच वारली. लग्न नाही, घर नाही, मालमत्ता नाही. व्रत न घेता ती व्रतस्थ राहिली.

आम्हा कुरकुंभकरांना नगर म्हणजे दौंडहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीवरचे गाव. पण हे गाव आपल्या इतिहासातले एक महत्त्वाचे ठाणे आहे, हे शाळेत असताना आम्हाला कोणी सांगितले नव्हते. जोतीराव फुले यांनी नगरला फरारबाईंच्या मुलींच्या शाळा पाहिल्या, तेथील शिकवण्याची पद्धत त्यांच्या मनात भरली आणि पुण्यास परतून त्यांनी शाळा काढली. हे वर्ष १८४८. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे शिक्षण नगरला फरारबाईंकडे घेतले, असे त्यांचे चरित्रकार लिहितात. पुढे फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. तो १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. हे पत्रही नगरच्याच अमेरिकन मिशनने १८४२ मध्ये सुरू केलेले.

साखळी अशी आहे. पण साखळी दाखवून कृतज्ञतेचे नारळ फोडणे एवढेच इतिहासाचे काम नव्हे. मिशनने शाळा काढल्या त्या मुलींनी बायबल वाचावे म्हणून, हे त्यांनी कधी लपवले नाही. मुक्ताने त्या अक्षरांतून आपल्या लोकांचे दुःख मांडले आणि धर्मग्रंथांनाच जाब विचारला. अक्षर देणाऱ्याचा हेतू घेणाऱ्याला बांधत नाही. घेणारा जागा असला तर तो त्याच अक्षराचे हत्यार करतो.

फरारबाईंचा उल्लेख होतो तेव्हा त्यांच्या नावामागे एक बिरुद लावले जाते : मिशन कार्यासाठी परदेशी गेलेली पहिली अविवाहित अमेरिकन स्त्री. हे बिरुद तपासून पाहिले पाहिजे. त्यांच्या पाच वर्षे आधी, १८२२ मध्ये, याच अमेरिकन बोर्डाने आणखी एका अविवाहित स्त्रीला हवाई बेटांवर पाठवले होते. तिचे नाव बेट्सी स्टॉकटन. ती कृष्णवर्णीय होती. न्यू जर्सीतील प्रिन्स्टन येथे १७९८ च्या सुमारास गुलाम म्हणून जन्मलेली. मालकाच्या घरच्या ग्रंथसंग्रहात वाचत ती शिकली, मुक्त झाली आणि शिक्षिका म्हणून निघाली. जाताना तिच्यासाठी करार लिहिला गेला. त्यात म्हटले होते की, तिला नोकर मानू नये. पण बरोबरीचीही मानू नये. हे वाक्य कानाला कसे ओळखीचे वाटते! ओसरीवर या, पण उंबरठा ओलांडू नका. हीच ती भाषा. समुद्र बदलला म्हणून ती बदलत नाही.

मिशनचे तेव्हाचे लक्ष हवाईच्या सरदारवर्गाकडे होते. स्टॉकटनने १८२४ मध्ये लहायना येथे सामान्य रयतेसाठी शाळा काढली. मायदेशी परतल्यावर तिने फिलाडेल्फियात आणि मग प्रिन्स्टनमध्ये कृष्णवर्णीय मुलांना शिकवले, ते १८६५ मध्ये मरेपर्यंत. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकेच्या राज्यघटनेने गुलामगिरी संपवली. ती पाहायला ती उरली नव्हती. तीही आजन्म अविवाहित, तीही आजन्म शिक्षिका. मग ‘पहिली’ या बिरुदातून ती गळाली कशी? कराराने तिला घरकामातही वाटा दिला होता. हात घरकामात दिसले की डोक्यातली विद्या दिसत नाही. रंग दिसला की व्रत दिसत नाही. नोंदवह्या अशाच लिहिल्या जातात.

यात फरारबाईंचा दोष नाही. त्यांचे चौतीस वर्षांचे काम बिरुदाविनाही उभे राहते. दोष आहे तो ‘पहिला’ ठरवणाऱ्या मोजपट्टीचा. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. स्टॉकटनसारख्या स्त्रिया केवळ मुक्त होणाऱ्यांत नव्हत्या, मुक्त करणाऱ्यांतही होत्या. त्या अर्पणपत्रिकेत त्यांचाही वाटा आहे, असे आपण आज म्हटले पाहिजे.

मी स्वतः आमच्या घरातला पहिला पदवीधर. सत्कारात हा शब्द उच्चारला की टाळ्या पडतात. वास्तविक त्याचा अर्थ एवढाच की, माझ्या आधीच्या सर्व पिढ्यांना दार बंद होते. ‘पहिला’ हा शब्द ज्याला लावतात त्याच्या मोठेपणापेक्षा, दार लावून बसलेल्या समाजाविषयी अधिक सांगतो. म्हणून शिक्षकाच्या व्रताचे माप त्याच्या क्रमांकात शोधू नये. त्याच्या वर्गात कोणाची मुले बसली आणि तेथून उठून ती काय बोलली, हे पाहावे. नगर, पुणे, लहायना, प्रिन्स्टन : चारही ठिकाणचा हिशेब मग एकाच वहीत मांडता येतो. ती वही आता आपणच लिहिली पाहिजे.