छर्रे, सायकल आणि सरळ रेषा

१/ फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांच्या उद्यमाने वाढलेल्या नागपूरच्या जरीपटक्यात आज एखाद्या पाट्या कोरणाऱ्याने छोटा सीएनसी राउटर घ्यायचे ठरवले, तर त्याच्यापुढे मोटरची ताकद आणि टेबलाचा आकार यांचे आकडे प्रथम मांडले जातात. परंतु अक्षराची कड स्वच्छ उमटेल की थरथरती, हे बरेचसे एका लपलेल्या भागावर ठरते. तो भाग म्हणजे लिनिअर बेअरिंग. त्याची पारख कशी करावी, याचे उत्तर एकोणिसाव्या शतकातील सायकलीत सापडते. (थ्रेड)

२/ छर्र्यांच्या बेअरिंगचे पेटंट वेल्समधील फिलिप वॉन यांनी १७९४ मध्येच घेतले होते. अडचण होती ती सर्व छर्रे एका मापाचे घडवण्याची. दहांतला एक छर्रा किंचित मोठा निघाला, तर भार त्याच्यावरच येतो आणि उरलेले नऊ जवळजवळ रिकामे फिरतात. १८८३ मध्ये जर्मनीतील श्वाइनफुर्ट येथे फ्रीडरिश फिशर यांनी पोलादी छर्रे घासून एकसारखे गोल करणारे यंत्र तयार केले आणि ही अडचण दूर झाली.

३/ या सुधारणेचा मोठा लाभ सायकलीला झाला. मराठी माणसाच्या यंत्रोद्योगाची एक वाटही सायकलीपासूनच निघते. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बंधू रामुअण्णांसह १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली.

४/ सायकल दुरुस्त करणारा कारागीर चाकाची परीक्षा दोन हालचालींत करतो. चाक फिरवून खरखर लागते का ते पाहतो. मग रिम धरून आडवे हलवतो आणि प्ले आहे का ते तपासतो. कोन सैल राहिला की चाक डगडगते, फार आवळला की अडते. छर्रे चांगले असतील तर दोन्ही दोष एकाच वेळी टाळता येतात. छर्रे खराब असतील तर एक दोष घालवताना दुसरा उभा राहतो.

५/ गोल फिरण्याचा प्रश्न असा सुटला. सरळ सरकण्याचा मात्र राहिला. लेथचे सरकते भाग दीर्घकाळ तेलाच्या थरावर घासतच चालत. १९४० च्या दशकात अमेरिकेत जॉन थॉमसन यांनी गोल दांड्यावर सरकणारी बुश घडवली. तिच्यातील छर्रे भाराखालून जातात आणि आतल्या वाटेने परत पुढे येतात.

६/ या रचनेची मर्यादा दांड्यात आहे. १६ मिलिमीटर जाडीचा, १ मीटर लांबीचा, केवळ टोकांवर टेकवलेला पोलादी दांडा मधोमध १० किलो भार आला की सुमारे ३ मिलिमीटर वाकतो. लांबी निम्मी केली तर वाक आठव्या हिश्श्यावर येतो. म्हणून असे दांडे लहान यंत्रातच शोभतात. तिथे बुश कितीही उत्तम असली, तरी दांड्याचा वाक ती झाकू शकत नाही.

७/ १९७२ मध्ये जपानच्या टीएचके कंपनीने एलएम गाइड बाजारात आणला. त्यात रेल पूर्ण लांबीभर पायाला बोल्टने जखडलेली असते आणि तिच्या खोबणींतून ब्लॉकचे छर्रे धावतात. तसूभर मोठे छर्रे भरून प्ले घालवला जातो; त्यालाच प्रीलोड म्हणतात. सायकलचा नेमका आवळलेला कोन तो हाच.

८/ पारखही सायकलीचीच. ब्लॉक रेलवर सावकाश, पूर्ण लांबीभर ढकलावा. सीलमुळे येणारा एकसमान विरोध हा दोष नव्हे. पुन्हा पुन्हा लागणारा गचका मात्र विषम छर्रे, खराब खोबण किंवा आत शिरलेला कचरा सुचवतो. मग ब्लॉक सर्व दिशांना डोलवावा. टकटक जाणवली तर प्ले आहे. बोटाच्या धक्क्याने दूरवर पळणारा ब्लॉक पाहून भुलू नये, कारण सैल ब्लॉकही तसाच पळतो. ब्लॉक रेलवरून उतरवूनही पाहू नये. अनेकांतले छर्रे सांडतात.

९/ उरतो तो पाया. बारीक रेल बोल्ट आवळताच खालच्या पृष्ठभागाचा आकार घेते. तीन पाटे आळीपाळीने एकमेकांशी जुळवून खरा सपाट पृष्ठभाग मिळवण्याची रीत जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० मध्ये मांडली, ती याच गरजेपोटी. जोडलेले यंत्र तपासताना वीज बंद करावी, मोटरची जोडणी सोडवावी आणि गॅन्ट्री हाताने टोकापासून टोकापर्यंत सरकवावी. एका टोकाला ती जड झाली, तर दोन्ही रेल बहुधा समांतर नाहीत. स्पिंडलला डायल गेज टेकवून बाजूने दाब द्यावा. दाब काढल्यावर काटा मूळ जागी परतला पाहिजे.

१०/ ब्लॉकवर कोरलेले नाव हा पुरावा नव्हे, कारण नामांकित रेलच्या नकला बाजारात आहेत. मोटर किंवा स्पिंडल पुढे बदलता येतो. वेगळ्या मापाची रेल बसवायची तर पाया नव्याने छेदून सपाट करावा लागतो. म्हणून छोट्या कारखानदाराने ही तपासणी पैसे मोजण्यापूर्वीच उरकावी.